कामासाठी परदेशात जाताय? आधी व्हिसाचा प्रकार विचारा

गावात पोरगं परदेशात निघालं की पारावर दोन प्रश्न ठरलेले. "कुठं चाललास?" आणि "किती पडले?" कोणत्या व्हिसावर चाललास, हे मला एकानंही विचारलं नव्हतं. मीही एजंटाला विचारलं नव्हतं.

मी उदगीर तालुक्यातला. दोन वर्षांचा आयटीआय, इलेक्ट्रिशियन. वाळूजला कंत्राटावर काम करत होतो, तिथंच दुबईचं डोक्यात बसलं. एका एजंटाला ८५,००० रुपये दिले. त्यातले ५०,००० शेकडा तीननं काढलेले. काही दिवसांनी मोबाइलवर व्हिसा आला. आई म्हणाली, कागदावर काढून आण, देवापुढं ठेवू. झेरॉक्सच्या दुकानातल्या पोरानं प्रिंट काढता काढता तो वाचला आणि म्हणाला, "दादा, हा टुरिस्ट व्हिसा आहे. तीस दिवसांचा. यावर काम करता येत नाही." एजंटाचा फोन त्या संध्याकाळपासून बंद. पैसे आजतागायत आले नाहीत.

पुढं दीड वर्षानं मी रीतसर कतारला गेलो, तीन वर्षं काम केलं, कर्ज फेडलं आणि परत आलो. आता आसपासच्या गावांतली मुलं रोज फोन करतात. प्रत्येकाला तेच सांगावं लागतं, म्हणून हे एकदा नीट लिहून काढतोय.

१. आधी आपल्याजवळ काय आहे ते मांडा

वहीचं एक पान घ्या आणि चार गोष्टी लिहा: शिक्षण, हातातलं काम, भाषा, आणि व्याजानं न काढता घालता येतील एवढे पैसे. देश ठरतो तो या चार ओळींवरून. दहावी पास, आयटीआय आणि दोन-तीन वर्षांचा अनुभव असेल तर आखात लवकर जमतं. भाषा शिकायला वर्ष-दीड वर्ष देता येत असेल तर जपान-जर्मनीचा विचार करा. पदवी असेल तर आणखी दोन दारं आहेत, ती पुढं सांगतो.

अनुभवाचं प्रमाणपत्र कंपनी सोडतानाच घ्या. कंत्राटदार बदलला की ते कुणी देत नाही. वाळूज, चिकलठाण्यातल्या मुलांचं घोडं नेमकं इथं अडतं. काम सहा वर्षांचं आणि कागद सहा महिन्यांचा.

२. पासपोर्ट: नाव, तारीख आणि ईसीआर

पासपोर्टचा अर्ज फक्त पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावर भरा. ३६ पानांच्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे. तत्काळ हवा असेल तर वर २,०००. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट जास्त पैसे उकळतात.

आपल्याकडची खरी अडचण नावाची. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं. आधारवर क्रम उलटा. पॅनवर वडिलांचं नावच गायब. त्यात 'विठ्ठल' एकीकडे एका टी-नं, दुसरीकडे दोन टी-नं. पासपोर्टचा अर्ज भरण्याआधी आधार दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळवून घ्या. आडनावाचा रकाना मोकळा सोडू नका. पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असेल तर संयुक्त अरब अमिरात टुरिस्ट आणि व्हिजिट व्हिसावर आत घेत नाही, हा नियम २०२२ पासून आहे.

जन्मतारखेचंही तसंच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावून दिलेली असते आणि ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर दुसरीच तारीख असते. एक तारीख धरा आणि सगळे कागद तिच्यावर आणा. जिल्ह्यांची नावं २०२३ मध्ये बदलली. त्यामुळे जुन्या कागदांवर औरंगाबाद, उस्मानाबाद आणि नव्यांवर छत्रपती संभाजीनगर, धाराशिव असं आढळेल. घाबरू नका. पासपोर्टवर जे छापून आलं तेच पुढच्या प्रत्येक फॉर्मवर अक्षर न अक्षर लिहा.

आता ईसीआर. दहावी पास असल्याचा पुरावा दिला नाही तर पासपोर्टवर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' पडतं. असा पासपोर्ट घेऊन सौदी, कुवेत, ओमान, कतार, अमिरात, बहरीन, मलेशिया अशा एकूण १८ देशांत कामाला जायचं तर सरकारच्या 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' कार्यालयाची मंजुरी लागते. ही मंजुरी ई-मायग्रेट पोर्टलवरून होते. काही जण तिला झंझट समजून चुकवायला बघतात. चुकवू नका, कारण त्या मंजुरीत तुमचा मालक, पगार आणि करार सरकारदरबारी नोंदला जातो. दहावी पास असूनही ईसीआर पडलं असेल तर पासपोर्ट पुन्हा काढून तो शिक्का घालवता येतो.

३. व्हिसाचे मार्ग

*आखाताचा एम्प्लॉयमेंट व्हिसा.* हा व्हिसा कंपनी काढते, तुम्ही नाही. तुमचं तिथलं राहणं त्या कंपनीशी बांधलेलं असतं. कतार आणि अमिरातीच्या कायद्यानं भरतीचा खर्च मालकाकडे आहे. म्हणून "व्हिसाचे दीड लाख" असं कुणी म्हणालं की ते पैसे नेमके कशाचे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. सौदीला इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर अशा कामांसाठी जाण्याआधी भारतातच कौशल्य चाचणी द्यावी लागते. आयटीआय नीट केलेल्याला ती जड जात नाही.

*जर्मनी.* सध्या लातूर-नांदेडात जर्मनच्या क्लासच्या पाट्या जागोजागी दिसतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीनं भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची वर्षाची मर्यादा २०,००० वरून ९०,००० वर नेली. बातम्या खऱ्या आहेत, पण क्लासमध्ये नाव लागलं म्हणजे व्हिसा लागला असं होत नाही. तिथले तीन व्हिसे वेगळे समजून घ्या.

पहिला, आउसबिल्डुंग. म्हणजे कंपनीत काम करत शिकायचं, महिन्याला विद्यावेतन मिळतं, साधारण तीन वर्षं. त्यासाठी जर्मन बी-१ पर्यंत यायला हवी (भाषेच्या पायऱ्या ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा चढत जातात). दहावी-बारावीनंतर लगेच जाणाऱ्याला हा चांगला.

दुसरा, कुशल कामगाराचा व्हिसा. त्यात तुमचं शिक्षण जर्मनीनं मान्य करावं लागतं. नर्सिंग केलेल्या मुली बहुतेक या वाटेनं जातात. माझी चुलत बहीण त्याचीच तयारी करतेय. पूर्ण मान्यतेसाठी बी-२ लागते, आणि ए-१ पासून तिथवर पोचायला दीड वर्ष सहज जातं.

तिसरा, चान्सनकार्ट. हा १ जून २०२४ पासून सुरू झाला. वर्षभर तिथं राहून नोकरी शोधता येते आणि आठवड्याला २० तास काम करता येतं. यासाठी निदान दोन वर्षांचं सरकारमान्य प्रशिक्षण हवं, जर्मन ए-१ किंवा इंग्रजी बी-२ हवी, आणि गुणतक्त्यात ६ गुण हवेत. हिशोब करून दाखवतो. वय २७, म्हणजे पस्तिशीच्या आत, २ गुण. जर्मन बी-१, २ गुण. आपल्याच कामाचा गेल्या पाच वर्षांतला दोन वर्षांचा अनुभव, २ गुण. झाले ६. बी-१ ऐवजी नुसती ए-२ असेल तर एकच गुण मिळतो आणि गाडी अडते. मग तुमचं काम जर्मनीच्या टंचाईच्या यादीत आहे का ते बघावं लागतं, त्याचा एक गुण असतो. खरी अडचण पैशाची आहे. वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच दाखवावी लागते. २०२५ च्या दरानं महिना १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३ लाख रुपयांच्या आसपास. तेवढे जमिनीवर काढून नोकरी शोधायला जाणं मला पटत नाही. इथूनच कंपनीचं पत्र मिळवून पहिल्या किंवा दुसऱ्या वाटेनं जावं, असं माझं मत आहे. जर्मन सरकारचं 'मेक इट इन जर्मनी' हे पोर्टल फुकट आहे आणि कंपनीला थेट अर्ज करता येतो.

*जपान.* 'स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर' हा व्हिसा जपाननं २०१९ मध्ये सुरू केला आणि भारताशी त्याचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. पहिल्या पायरीवर एकूण पाच वर्षं राहता येतं, पण बायको-मुलांना नेता येत नाही. लग्न ठरलेलं असेल तर हे घरात आधीच बोला. जपानी भाषेची एन-४ किंवा त्याच तोडीची जेएफटी-बेसिक परीक्षा आणि कामाची कौशल्य परीक्षा, दोन्ही पास व्हाव्या लागतात. शेती, बांधकाम, वृद्धांची शुश्रूषा, हॉटेल अशी क्षेत्रं आहेत. एन-४ असलेली जेएलपीटी परीक्षा वर्षातून दोनदाच होते, जुलै आणि डिसेंबरमध्ये. एक हुकली की सहा महिने गेले. आपल्याला पुणे केंद्र सोयीचं.

*पदवीधरांसाठी ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया.* ब्रिटनची 'यंग प्रोफेशनल्स स्कीम' १८ ते ३० वयाच्या पदवीधरांसाठी आहे. सोडतीनं वर्षाला ३,००० जागा, दोन वर्षं राहता येतं, खात्यावर २,५३० पौंड दाखवावे लागतात. सोडतीत नाव घालणं फुकट आहे. ऑस्ट्रेलियाचा 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसाही सोडतीवरच, वर्षाला १,००० जागा, नोंदणी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. दोन्ही सोडती आहेत हे लक्षात ठेवा. "नंबर लावून देतो" म्हणणारा माणूस खोटं बोलतोय.

४. एजंट तपासा

आपल्याकडे ऊसतोडीला जाताना मुकादम उचल देतो आणि ती फिटेपर्यंत माणूस बांधला जातो. परदेशाच्या धंद्यात उचल तुम्ही देता, आणि बांधलेलेही तुम्हीच राहता. म्हणून पैसे देण्याआधी हे करा.

ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. एजंटाचा परवाना क्रमांक मागा, यादीत शोधा. नाव, पत्ता आणि मुदत तिन्ही जुळायला हवं. कागदावरचा पत्ता मुंबईचा आणि तुमच्याशी बोलणारा माणूस तालुक्याच्या बसस्टँडमागचा असेल, तर मुंबईच्या कार्यालयात स्वतः फोन लावा. परवानाधारकाच्या नावावर गावोगाव फिरणाऱ्या सबएजंटाला कायद्यानं मान्यता नाही, मग तो नात्यातला का असेना. आम्हाला फसवणारा माझ्या मामाच्या ओळखीचाच होता.

नोंदणीकृत एजंटाला तुमच्याकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं, आणि त्याची पावती द्यावी लागते. खात्यावर पाठवा, रोख देऊ नका. मूळ पासपोर्ट "ऑफिसला ठेवा" म्हणून देऊ नका. लागेल तेव्हा द्या, पोच घ्या.

५. करार स्वतः वाचा

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कतारला जाणाऱ्याचं मेडिकल, बोटांचे ठसे आणि करारावरची सही भारतातच, कतार व्हिसा सेंटरमध्ये होते. आपल्याला हैदराबाद आणि मुंबई जवळची. २०२१ च्या दिवाळीनंतर मी उदगीरहून रात्रीची गाडी धरून हैदराबादला गेलो. एजंटानं सांगितलं होतं: इलेक्ट्रिशियन, १,६०० रियाल बेसिक. आत सगळं झटपट होतं, टोकन, फोटो, रक्त, एक्स-रे. मग एका काउंटरवर करार समोर आला. हिंदीत होता. पदाच्या रकान्यात मजूर. बेसिक १,००० रियाल, म्हणजे कतारमध्ये त्याच वर्षी लागू झालेलं किमान वेतन.

मी बाहेर येऊन एजंटाच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "सही कर, तिथं गेल्यावर बदलून देतील." मी आत गेलो आणि सही करणार नाही म्हणून सांगितलं. काउंटरवरच्या बाईंनी एकदा विचारलं, "पक्कं?" मी हो म्हणालो. परतीच्या गाडीत आईनं बांधून दिलेल्या दशम्या तशाच पडून होत्या, घास गिळत नव्हता. घरी काय सांगायचं तेच सुचत नव्हतं. पण चार महिन्यांनी दुसऱ्या परवानाधारकाकडून त्याच सेंटरवर गेलो, तेव्हा करारात इलेक्ट्रिशियन लिहिलेलं होतं आणि आकडाही बोलल्याप्रमाणे होता.

करारात हे बघा: पदाचं नाव, बेसिक किती आणि भत्ते किती, ड्युटीचे तास, ओव्हरटाइमचा दर, राहणं-जेवण कुणाचं, सुट्टीचं तिकीट, कराराची मुदत. बेसिक वेगळं बघायचं कारण असं की नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात. एजंट "एकूण दोन हजार" सांगतो आणि त्यात बेसिक निम्माच असतो. पदाचं नाव चुकीचं असेल तर पुढं दुसरीकडे इलेक्ट्रिशियन म्हणून अनुभव दाखवता येत नाही, तीन वर्षं वाया.

६. मेडिकल आणि कागदपत्रं

सौदी, कुवेत, ओमान यांच्यासाठी मेडिकलची नोंदणी वाफिद नावाच्या साइटवर होते, आणि ते मान्य केंद्रातच करावं लागतं. छातीच्या एक्स-रेमध्ये जुन्या टीबीचा डाग दिसला तरी 'अनफिट' पडतं, आजार बरा झालेला असला तरी. म्हणून एजंटाला पैसे देण्याआधी लातूर-नांदेडात स्वतःच्या खर्चानं एक एक्स-रे काढून डॉक्टरांना दाखवा. काहीशे रुपयांत मोठी रक्कम वाचते.

फाइलमध्ये हे हवं:

- पासपोर्ट, किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला, आणि पासपोर्ट फोटो
- दहावी-बारावीचं गुणपत्रक आणि प्रमाणपत्र
- आयटीआय, डिप्लोमा किंवा पदवीचं प्रमाणपत्र
- अनुभवाची प्रमाणपत्रं, कंपनीच्या लेटरहेडवर, तारखांसह
- पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट. हे पासपोर्ट सेवेतून मिळतं, फी ५०० रुपये
- ऑफर लेटर, करार आणि व्हिसाची प्रत
- भाषेच्या परीक्षेचं प्रमाणपत्र, लागत असेल तिथं

शिक्षणाच्या कागदांना काही पदांसाठी साक्षांकन लागतं. आधी राज्य सरकारचं, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, आणि अमिरातीसारख्या देशासाठी त्यांच्या वकिलातीचंही. कंपनीनं मागितलं तरच करा. एजंट सरसकट सगळ्यांकडून याचे पैसे घेतात.

७. हे शब्द ऐकले की थांबा

"आझाद व्हिसा." म्हणजे व्हिसा एका कफीलच्या (तिथल्या मालकाच्या) नावाचा आणि काम मिळेल तिथं. ऐकायला मोकळं वाटतं, पण दुसऱ्याकडे काम करताना पकडलं तर दंड आणि हद्दपारी. कफीलनं 'पळून गेला' अशी तक्रार केली तर पगार मागणंही अवघड होतं.

"व्हिजिटवर जा, तिथं बदलून घेऊ." माझं तेच होणार होतं.

"थायलंडला डेटा एन्ट्री, पगार लाखभर." टुरिस्ट म्हणून बँकॉकला उतरवून मुलांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेतात आणि ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यावर डांबतात. परराष्ट्र मंत्रालयानं यावर वारंवार इशारे दिलेत. "रशियात हेल्परची नोकरी" म्हणून नेलेली भारतीय मुलं युद्धाच्या आघाडीवर पोचली आणि काही तिथंच गेली.

"यूकेचा केअर व्हिसा." परदेशातून केअर वर्करची नवी भरती ब्रिटननं २२ जुलै २०२५ पासून बंद केलीय. तरी हा व्हिसा अजून विकला जातो. कोणताही व्हिसा असो, त्या देशाच्या सरकारी साइटवर तो आज चालू आहे का, हे बघितल्याशिवाय पैसे काढू नका.

८. निघताना आणि पोचल्यावर

प्रवासी भारतीय विमा योजनेत १० लाखांचं संरक्षण आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि तीन वर्षांचा ३७५, वर कर. ईसीआरवाल्यांना ती सक्तीची आहे. बाकीच्यांनीही घ्या.

विमानतळावर इमिग्रेशनला "घूमने जा रहा हूँ" असं सांगायला एजंट शिकवत असेल, तर त्या क्षणी माघारी फिरा. मला काउंटरवरच्या साहेबांनी विचारलं, "कौन सा वीज़ा?" मी म्हणालो, "एम्प्लॉयमेंट. इलेक्ट्रिशियन." त्यांनी करार बघितला आणि शिक्का मारला.

पोचल्यावर पासपोर्ट मालकाकडे ठेवायला देऊ नका, तसं काढून घेणं कतार-अमिरातीत बेकायदा आहे. राहण्याचं ओळखपत्र झालं की त्याचा फोटो घरी पाठवा. पगार बँकेतूनच घ्या, म्हणजे थकला तर पुरावा राहतो. अडचण आली तर भारतीय दूतावास आहे, तक्रारीसाठी 'मदद' पोर्टल आहे, आणि भारतातून घरच्यांना लावता येईल असा परराष्ट्र मंत्रालयाचा मोफत क्रमांक १८०० ११ ३०९० आहे.

हा क्रमांक मोबाइलमध्ये ठेवूनच थांबू नका, कारण फोन हरवतो. मी निघण्याआधी पासपोर्ट, व्हिसा, करार, विमा आणि एजंटाची पावती यांच्या झेरॉक्स एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये घातल्या. वर स्केच पेननं हा क्रमांक, कंपनीचं नाव आणि माझा पासपोर्ट क्रमांक मराठीत लिहिला, कारण वडिलांना इंग्रजी वाचता येत नाही. ती फाइल त्यांनी सातबाऱ्याच्या ट्रंकेत ठेवली. दुसऱ्या वर्षी दोन महिने पगार थकला, तेव्हा त्यांनी ती काढून शेजारच्या कॉलेजच्या मुलाकडून तक्रार भरून घेतली.